लोट्याची शिफ्ट की पेटंटची खुर्ची?

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येऊन विचारतात, "सर, डिप्लोमा की सायन्स?" कित्येक वर्षे तोच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला झोपेतही देता येईल. आता त्याच मुलांपैकी जी इंजिनिअर होऊन बाहेर पडली, ती वेगळा प्रश्न घेऊन घरी येऊ लागली आहेत. इंजिनिअर म्हणून कारखान्यात लागावे, की पेटंटच्या कामात जावे? मी उर्दू आणि मराठी शिकवणारा बीएड झालेला माणूस. मशीनच्या बाबतीत माझी पोच घरच्या पाण्याच्या पंपापर्यंत. तरीही हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाकडे येतो, ते बरोबरच आहे असे आता मला वाटते. का, ते पुढे येईलच.

एका माजी विद्यार्थिनीच्या घरी या प्रश्नावर आठवडाभर खल झाला. मुलगी केमिकल इंजिनिअर. हातात दोन कामे. एक लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात ट्रेनी म्हणून, दुसरे पुण्यात, पेटंटचे काम करणाऱ्या एका ऑफिसात. वडील कुवेतला, त्यामुळे सगळी चर्चा मामूंच्या हातात. मामूंचे म्हणणे, "पेटंट म्हणजे एसी ऑफिस. ना शिफ्ट, ना वास, ना गॅसची भीती." दादीचे म्हणणे, "पुणं लांब. लोटं काय, परशुरामचा घाट उतरलं की घर." मला बोलावले ते दोघांत तोडगा काढायला. तासभर मी ऐकत होतो. बस किती वाजता, होस्टेल कसे, पगार किती, लग्नाच्या बोलणीत कोणती नोकरी सांगायला बरी, सगळे झाले. या दोन ठिकाणी ती दिवसभर नेमके करणार काय, हे कुणी विचारले नाही. पेटंटचे काम म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होते, आणि तिला बोलायला वेळच मिळत नव्हता.

म्हणून आधी काम काय ते सांगतो.

पेटंट म्हणजे सरकारने संशोधकाशी केलेला सौदा. तुझी युक्ती जाणकाराला वाचून करता येईल अशी सविस्तर लिहून दे. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला धंद्यात वापरता येणार नाही. वीस वर्षांनी ती सगळ्यांची. (सरकारी मराठीत याला 'एकस्व' म्हणतात. मराठीचा शिक्षक असूनही हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून पेटंटच म्हणतो.) या सौद्याभोवती बरीच माणसे लागतात. ही युक्ती जगात आधी कुणी केली आहे का, हे जुनी पेटंटे आणि शोधनिबंध चाळून पाहणारा एक. अर्जाचा मसुदा लिहिणारा दुसरा. सरकारच्या बाजूने अर्ज तपासणारा परीक्षक तिसरा. परीक्षकाच्या हरकतींना मुद्देसूद उत्तर देणारा पुन्हा मसुदा लिहिणाराच. नव्याने लागलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी पहिले काम देतात. दिवसभर पडद्यासमोर बसून वाचायचे, खुणा करायच्या, तक्ते भरायचे.

यातले मसुद्याचे काम मला सगळ्यात रंजक वाटते, कारण ते थेट माझ्या विषयात येते. समजा, कुणी नारळ खोवायची नवी विळी बनवली. बसायची फळी, फळीला जोडलेले पाते, पात्याच्या टोकाला दातेरी चकती. अर्जाच्या शेवटी 'दावे' लिहायचे असतात. माझी हद्द इथून इथपर्यंत, असे सांगणारी ती वाक्ये. प्रत्येक दावा एकाच वाक्यात बसवायचा असा रिवाज आहे, मग ते वाक्य अर्धे पान भरले तरी चालते. आता तुम्ही लिहिले, 'फळीला कायमचे जोडलेले पाते', तर दुसरा कुणी पाते घडीचे करील, तीच विळी विकील आणि तुम्ही बघत राहाल. उलट नुसते 'पाते बसवलेली फळी' असे लिहिले, तर परीक्षक म्हणेल, अशी विळी माझ्या आजीकडेही होती, यात नवीन काय? या दोन्हींच्या मधले वाक्य सापडावे लागते. इंग्रजीत 'कंप्रायझिंग' हा शब्द घातला की यादी उघडी राहते, म्हणजे या तीन वस्तू आहेत, आणखी काही जोडले तरी ते माझ्या हद्दीतच. 'कन्सिस्टिंग ऑफ' घातले की यादी बंद. नक्कल करणाऱ्याने चौथी वस्तू जोडली की तो बहुधा सुटला. वर्गात 'फक्त', 'किंवा' आणि 'इत्यादी' यांतला फरक शिकवताना मुले जांभया देतात. त्या फरकावर कुणाचा तरी कारखाना चालतो, हे त्यांना कोण सांगणार?

पल्सर मोटरसायकल आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. बजाजने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावर, म्हणजे डीटीएस-आय नावाने विकल्या गेलेल्या तंत्रावर, पेटंट घेतले होते. 2007 मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' आणली. तिच्या इंजिनातही दोन प्लग होते, पण झडपा तीन. वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. आमच्या तीन झडपांमुळे आमचे इंजिन तुमच्या दाव्यात बसत नाही, हा टीव्हीएसचा एक मुद्दा. 2008 मध्ये एका न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने मनाई दिली, 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. तिथे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने असे खटले रेंगाळत ठेवू नका, असे बजावले. तरी दोन्ही कंपन्यांची तडजोड व्हायला 2019 उजाडले. इंजिन बनवणारे इंजिनिअर तोवर पुढच्या मॉडेलवर गेले होते. त्या शब्दांचा अर्थ लावत बसलेले लोकही मुळात इंजिन कळणारेच होते.

आणि हळदीची गोष्ट तर मी वर्गात नेहमी सांगतो. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. आपल्या सीएसआयआरने, तेव्हा तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, त्याला आव्हान दिले. हे आमच्याकडे आधीपासून माहीत आहे, असे नुसते म्हणून भागत नाही. छापील पुरावा लागतो. बत्तीस संदर्भ दिले गेले, त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतलेही होते. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाचे एक डिजिटल ग्रंथालयच उभे केले. आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथ त्यात आले, त्यांतले नुसखे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशा भाषांत उतरवले गेले, म्हणजे परदेशातल्या परीक्षकाला ते वाचता यावेत. उर्दू शिकून पोट भरत नाही असे ज्यांनी मला तोंडावर सांगितले आहे, त्यांना मी हे ऐकवतो. अर्थात खोटी आशाही दाखवत नाही. उर्दू येते म्हणून पेटंटच्या ऑफिसात कुणी नोकरी देणार नाही. जुना मजकूर हातात धरून त्यातले नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे सांगण्याची सवय मात्र तीच लागते.

म्हणून हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाकडे येतो, ते ठीकच आहे. पेटंटचे काम हा इंजिनिअरिंगच्या पायावर उभा असलेला लिहिण्या-वाचण्याचा धंदा आहे. ज्याला चार पाने वाचायचा कंटाळा, त्याने एसीसाठी तिकडे जाऊ नये. आणि ज्याला वाचायला आवडते पण यंत्र उघडून बघावेसे कधी वाटले नाही, त्यानेही नाही.

आता माझे मत. ज्याच्या हातात दोन्ही कामे आहेत, त्याने आधी कारखाना धरावा. दोन-तीन वर्षे प्लांटवर काढावीत, मग पेटंटकडे वळायचे तर वळावे.

पहिले कारण दाराचे आहे. कारखान्यातून पेटंटकडे जायचे दार बराच काळ उघडे राहते. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. वरची वयोमर्यादा नाही. उलटे दार लवकर बंद होते. चार वर्षे पुण्याच्या ऑफिसात तक्ते भरलेल्या केमिकल इंजिनिअरला लोट्यातला कोणताही प्लांट मॅनेजर विचारील, "रिअॅक्टर शेवटचा कधी पाहिलास?" तोवर त्याच्या जागी नवीन पोरे आलेली असतात.

दुसरे कारण कामाच्या दर्जाचे. कागदावर 'मिश्रण हळूहळू थंड केले' असे लिहिलेले असते. हळूहळू म्हणजे किती, घाई केली तर काय होते, आणि संशोधकाने हे वाक्य मुद्दाम मोघम ठेवले आहे की काय, हे ज्याने रात्रपाळीत तापमानाचा काटा बघत उभे राहून काढले, त्याला कळते. हल्ली शोधाचे साधे काम संगणक पटापट करू लागला आहे. नुसते शब्द जुळवणाऱ्या माणसाची गरज कमी होत जाईल, असा माझा अंदाज आहे. काटा बघितलेल्याची इतक्यात होणार नाही.

तिसरे कारण आमच्या दाराशीच आहे. लोट्याला जे कारखाने आहेत, ते बहुतेक रसायनांचे. 1970 च्या पेटंट कायद्यात औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने बनणारे पदार्थ यांच्या खुद्द पदार्थावर पेटंट मिळत नव्हते, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळत होते. म्हणजे तुम्ही दुसरी वाट शोधलीत तर तोच पदार्थ बनवायला मोकळे. डॉ. केकी घरडांचे नाव खेड-चिपळूणला नवे नाही. लवेलचे इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांनी आयसोप्रोट्युरॉन हे गव्हातले तण मारणारे औषध, फॉस्जीन हा विषारी वायू टाळून, स्वतःच्या पद्धतीने बनवले आणि परदेशी कंपन्यांच्या बाजारात उतरले. ही इंजिनिअरची कामगिरी होती, पण कायद्याने ठेवलेल्या फटीतून झालेली. 1 जानेवारी 2005 पासून ती फट बुजली, पदार्थावरही पेटंट मिळू लागले. आता असा कारखाना नवीन रेणू बनवायला घेताना आधी विचारतो: यावर कुणाचे पेटंट आहे, कोणत्या तारखेला संपते, आणि पद्धतीवर आणखी एखादे दडले आहे का? म्हणजे प्लांटवरच्या माणसालाही पेटंट वाचता आले तर त्याची किंमत वाढते. आमच्या मुलांना मुंबईला जायच्या आधी हे काम लोट्यातच दिसू शकते.

माझा एक माजी विद्यार्थी पदवीनंतर थेट पेटंटमध्ये गेला. तो माझ्याशी वाद घालतो. त्याचे म्हणणे, "सर, प्लांटवर गेलेल्या माझ्या मित्रांचं तीन वर्षांत लिहिणं संपलं. लॉगबुकातल्या चार ओळी, तेवढंच इंग्रजी. आता त्यांना पानभर लिहायला सांगा." हे अर्धे पटते. म्हणून प्लांटवर जाणाऱ्याने वाचन-लिखाण जिवंत ठेवायची स्वतःची काही सोय केली पाहिजे, नाहीतर ते उघडे दार नुसते बघायलाच राहते. तोच मला आइन्स्टाइनचे उदाहरण देतो, तोही पेटंट ऑफिसात होता म्हणून. होता, 1902 ते 1909, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला. पण त्याला हवी होती नोकरी शिकवण्याची. गणित-पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची पदविका घेऊन दोन वर्षे वणवण केली, कुठे जागा मिळेना, तेव्हा मित्राच्या वडिलांच्या ओळखीने पेटंट ऑफिस मिळाले. शिक्षकांच्या भरतीची वाट बघत बसलेल्या आमच्या बीएडवाल्यांना तो अधिक जवळचा आहे, असे मी त्याला सांगतो.

माझ्या मताला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. सरकारी परीक्षकाची जागा. पेटंट खात्याने 2023 मध्ये परीक्षकांच्या 553 जागा काढल्या होत्या. गट अ, राजपत्रित, मूळ वेतन 56,100 रुपयांपासून. वयाची मर्यादा सर्वसाधारण गटाला 35. अशी भरती दरवर्षी निघत नाही, म्हणून निघाली की प्लांट, परदेश, सगळे बाजूला ठेवून अर्ज भरावा. मुंबईचे पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, नागपूरला याच खात्याची प्रशिक्षण संस्था आहे. कोकणी मुसलमानाची निम्मी नातीगोती मुंब्रा-कुर्ल्याला. अँटॉप हिल त्यांना परगाव नाही. पण आमच्या पालकांना यूपीएससी आणि एमपीएससी ठाऊक, फार तर रेल्वे. या खात्याचे नाव मी काढले की 'कॉपीराइटवालं का?' असे विचारतात.

त्या ऑफिसात बसणाऱ्याच्या हातात काय असते, हे एका निकालावरून कळेल. बायर कंपनीचे यकृत-मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे नेक्साव्हार हे औषध महिन्याला 2 लाख 80 हजार रुपयांना पडत होते. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना दिला, महिन्याला 8,880 रुपयांच्या आत विकायच्या अटीवर. भारतातला असा पहिला परवाना. लोक म्हणतात हे कागदाचे काम, यात समाजाचा काय फायदा. त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

खाजगीत टिकायचे तर एजंटची परीक्षा द्यावी लागते. शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, एक कायद्याचा आणि एक मसुद्याचा, मग पन्नास गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात निदान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के. हीही नेमाने होत नाही. 2018 नंतरची परीक्षा 2022 मध्ये झाली. पास झालात की पेटंट ऑफिसापुढे स्वतःच्या नावाने काम करता येते. कोर्टात उभे राहायचे तर वकिलीची पदवी लागते, त्यासाठी आणखी तीन वर्षे. जो परीक्षक म्हणून दहा वर्षे काम करून बाहेर पडतो, त्याला एजंट व्हायला ही परीक्षा द्यावी लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मुलांचे नुकसान करतो आहे. हल्ली कॉलेजातून शेवटच्या वर्षाची मुले बायोडेटात 'माझ्या नावावर एक पेटंट' असे लिहून येतात. विचारले तर कळते की अर्ज 'पब्लिश' झाला आहे. भारतात 2023-24 मध्ये 92,168 अर्ज आले. अर्ज आला की साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतोच, लवकर करा म्हणून फी भरली तर आधीही होतो. त्याला कुणी तपासलेले नसते. पत्रिका छापली म्हणजे निकाह झाला असे आपण म्हणतो का? कॉलेजांना मूल्यांकनात गुण मिळतात, म्हणून सरांची आठ आणि मुलांची चार नावे घालून अर्ज टाकले जातात. मग मुलाखतीत समोरचा शांतपणे विचारतो, "तुमचा पहिला दावा सांगा बरं." पोरगा गप्प. पेटंटच्या नोकरीसाठी तर हे फारच वाईट, कारण समोर बसलेला माणूस रोज तेच वाचतो.

उलटा प्रकारही बघतो. खरेच काही बनवलेला पोरगा विज्ञान प्रदर्शनात ते आधी मांडतो, त्याचा व्हिडिओ टाकतो आणि मग विचारतो, "सर, पेटंट कसं काढायचं?" सगळ्यांना दाखवून झाले की नवेपण गेले. अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये आहे, मसुदा लिहिणाऱ्याचे वेगळे. आणि सगळे तयार नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करून बारा महिन्यांत पूर्ण मसुदा देता येतो. आमच्या भागात सुपारी सोलायला, काजू फोडायला, मासे वाळवायला काहीबाही जुळवाजुळव करणारे हुशार हात कमी नाहीत. त्यांना विचारायला जवळचा माणूस नाही, मुंबई-पुण्याकडे बघायचे. दहा वर्षांनी चिपळुणात असा एक माणूस बसलेला असावा, एवढी माझी हाव आहे.

परदेशाचा मुद्दा लवकर संपवतो. आमच्या घरांत मुलगा इंजिनिअर करतात तो पुष्कळदा आखाताचा व्हिसा डोळ्यांसमोर ठेवून. साइटवर मेकॅनिकलवाला लागतो, सेफ्टीवाला लागतो. पेटंटचा मसुदा लिहिणाऱ्याला तिकडून सहसा कुणी बोलावत नाही. ज्या घराला दोन वर्षांत कर्ज फेडायचे आहे, त्याने पेटंटची वाट आत्ता धरू नये. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि हात बसायला वेळ लागतो.

मुलींच्या बाबतीत मात्र लवकर संपवता येत नाही. पेटंटचे काम घरी बसून करता येते, लग्नानंतर सोयीचे, असे आता घराघरांत ऐकू येते. ते खोटे नाही. काही ऑफिसे घरून काम देतात, आणि ज्या बाईला लहान मूल सांभाळून इंजिनिअरिंगशी नाते टिकवायचे आहे, तिला याचा खरा आधार आहे. पण बावीस वर्षांच्या मुलीच्या पहिल्याच नोकरीचा निर्णय न झालेल्या लग्नाच्या सोयीने करायचा, हे मला पटत नाही. तिच्याच वर्गातल्या मुलाला कुणी असे सांगत नाही. शिफ्टची आणि गॅसची भीती खरी आहे. त्यासाठी कंपनीची बस कुठपर्यंत येते, रात्री सोबत कोण असते, सुरक्षेचे प्रशिक्षण किती दिवसांचे, हे जाऊन विचारावे. मामूंनी विचारावे, तेवढी त्यांची जबाबदारी. उत्तरे वाईट आली तर तो कारखाना सोडावा. अख्खे इंजिनिअरिंग का सोडायचे?

त्या मुलीला मी शेवटी एकच विचारले, तेही मामू चहा घेत असताना. कॉलेजच्या चार वर्षांत कोणता दिवस पुन्हा यावासा वाटतो? तिने पायलट प्लांटवर डिस्टिलेशन कॉलम पहिल्यांदा नीट चालला, तो दिवस सांगितला. दादी जिंकल्या, वेगळ्या कारणाने. ती आता लोट्याला जाते.

तिच्या जागी दुसरी कुणी असती आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला तो दिवस तिने सांगितला असता, तर मी मामूंची बाजू घेतली असती.

राहता राहिले इंग्रजी. भारतात पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करता येतो, पण काम जवळजवळ सगळे इंग्रजीत चालते. आमची उर्दू आणि मराठी माध्यमाची मुले तांत्रिक इंग्रजी वाचतात, पण लिहायची वेळ आली की उतरवून काढतात. यावर मी आठवीपासून एक गोष्ट करून घेतो, आधी उर्दूत आणि मराठीत. घरातली एक वस्तू घ्यायची, कुलूप, कुकरची शिटी, छत्री. ती कधीच न पाहिलेल्या माणसाला ती बनवता येईल असे दहा वाक्यांत लिहायचे. 'छान', 'मजबूत', 'उपयोगी' हे शब्द बंद. छत्रीवर बहुतेकांची गाडी तिसऱ्या वाक्याला अडते, कारण काड्या दांड्यावर वर-खाली सरकणाऱ्या त्या तुकड्याला काय म्हणायचे ते माहीत नसते. मग मुले छत्री उघडून बघायला लागतात. हेच पुढे इंग्रजीत करता येते, आणि ज्याला हे करताना मजा येते, त्याच्याविषयी मी वहीत खूण करून ठेवतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी याहून सोपे करावे. भारतीय पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज फुकट वाचता येतात. आपल्या शाखेतला एक उघडा. चित्रे बघू नका, शेवटचे दावे वाचा, आणि पहिल्या दाव्यातून सुटायची एक वाट शोधून काढा, म्हणजे तीच वस्तू, पण त्या वाक्याच्या हद्दीबाहेरची. सलग तीन संध्याकाळी हे करा. कुणाला वाट सापडली तर रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन यावे. इंजिन मला कळणार नाही, वाक्य कळेल. आणि आपल्या तालुक्यातला, मुंबईत किंवा कुठेही, कुणी पेटंट एजंट किंवा परीक्षक असेल, तर त्याने एकदा आमच्या मुलांशी बोलायला यावे. येण्याजाण्याचे आम्ही बघू, जेवण आमच्या घरी.